गोणीला चेहरा नसतो

नाशिकला थंडी पडली की मला अजूनही आमच्या मोरीजवळचा आरसा आठवतो.

यंदा डिसेंबरअखेरीस चार दिवस आई-अण्णांकडे राहायला गेले होते. सकाळी अंगणात उभं राहिलं की तोंडातून वाफ निघत होती. मखमलाबाद रोडच्या आतल्या बाजूला जे थोडे द्राक्षमळे अजून उरलेत, तिथे थंडीने मणी तडकू नयेत म्हणून ओळींमधून काडीकचरा पेटवला होता. त्याचा ओलसर धूर आमच्या गच्चीपर्यंत येत होता. तो वास नाकात गेला आणि वीसेक वर्षांपूर्वीचा एक हिवाळा समोर उभा राहिला. त्या हिवाळ्यात मी संगणकावर माणसाचा चेहरा करायला शिकत होते, आणि त्याच हिवाळ्यात माझ्या वडिलांचा चेहरा अर्धा थांबला होता.

मी पुण्यात ॲनिमेशनचं काम करते. आजवर खेकडे केले, हत्ती केले, खोकणारी एक बस केली, एकमेकांशी भांडणारे दोन चमचे केले. माणसं फार कमी. कुठे ओळख झाली की लोक विचारतात, “तुमच्या त्या कॉम्प्युटरवरच्या सिनेमांत प्राणी नाहीतर वस्तूच का असतात? माणसं का नाही चालत?” मी काहीतरी बरं उत्तर देते. खरं तर हा प्रश्न मलाही पुरता सुटलेला नाही. तो माझ्या मागे कुठून लागला, एवढं मात्र मला नक्की ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकात आमच्या लहानपणी टीव्हीवर हाताने काढलेली कार्टून लागायची. संगणकावर केलेला पहिला सिनेमा मी पाहिला तो मैत्रिणीच्या घरी, भाड्याने आणलेल्या सीडीवर. प्राणी बोलत होते तोवर आम्ही फरशीवर मांडी घालून खिळून बसलो होतो. मग त्यात एक माणूस आला. मैत्रीण म्हणाली, “हा साडीच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा का दिसतो गं?” आम्ही तेवढा भाग पुढे ढकलला. तेव्हा त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

बी.कॉम. झाल्यावर मी हट्टाने कॉलेज रोडवरच्या एका ॲनिमेशन क्लासला नाव घातलं. मिठाईच्या दुकानावरचा मजला, दहा संगणक, आणि भारनियमनात दिवसातून दोनदा किंचाळणारा यूपीएस. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुरांडी आमच्या शहराच्या कडेलाच उभी, तरी वीज जायची ती आमचीच. शिकवणारे कुलथे सर आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. संगणक ते आमच्यापेक्षा फार तर दोन वर्षं आधी शिकले होते, आणि ते लपवतही नसत. माझ्या शेजारी योगेश बसायचा. तो कळवणकडचा, घरी कांद्याची शेती, इथे नात्यातल्या एका घरी राहून शिकत होता. परीक्षेसाठी दोघादोघांनी मिळून दोन मिनिटांची फिल्म करायची होती. फेब्रुवारीच्या शेवटी पालकांना बोलावून ती दाखवली जाणार होती. माझा हट्ट असा, की आपण माणूसच करायचा. किराणा दुकानात बसलेले, गिऱ्हाइकाशी बोलणारे एक काका. योगेश म्हणाला, “कर तू. मला काय चेहऱ्यातलं कळत नाय.”

अण्णा तेव्हा सातपूरला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून उतरलेला पार्ट मापात आहे का ते बघायचं, नसेल तर बाजूला काढायचा, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. डोळ्याला न दिसणारी चूक त्यांच्या बोटाला लागायची. मी काही काढलं की हात पुढे करून ते एवढंच म्हणायचे, “दाखव.” कौतुक त्यांच्या तोंडून फारसं निघत नसे, पण ते कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात बघायचे, आणि मला तेवढं पुरायचं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पहिल्या पाळीला निघायच्या आधी, ते चूळ भरत होते. पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप खाली सांडलं. त्यांनी पुन्हा चूळ घेतली, पुन्हा सांडलं. मी ब्रश घेऊन मागे उभी होते. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा उजवा डोळा नेहमीसारखा होता. डावा उघडाच राहिला होता, आणि ती सगळी बाजू उतरलेली होती. मी पाहिलं आणि लगेच खाली ब्रशकडे बघितलं.

आई घाबरून गेली. तिला लकवाच वाटला. डॉक्टरांनी हात वर करायला लावले, पाय दाबून पाहिले, भुवया उंचवायला सांगितल्या. उजवी भुवई वर गेली, डावी गेली नाही. ते म्हणाले, “मेंदूचा झटका नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं, पण धीर धरावा लागेल.” शेजारपाजारचे म्हणाले, स्कूटरवर गार वारं लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आरशासमोर बसून करायचे व्यायाम सांगितले. गाल फुगवायचे, शीळ घालायचा प्रयत्न करायचा, आणि ओठ मिटून म्हणायची अक्षरं पुन्हा पुन्हा म्हणायची.

आता ही अक्षरं माझ्याही वहीत होती. पात्र बोलतं तेव्हा त्याचे ओठ कसे हलतात ते आरशात बघून काढून आणायचं, असा सरांनी अभ्यास दिला होता. त्यामुळे त्या जानेवारीत रोज सकाळी आम्ही दोघं मोरीजवळच्या त्या हातभर आरशासमोर शेजारी-शेजारी बसायचो. प, फ, ब, भ, म. माझे ओठ मिटायचे आणि उघडायचे. त्यांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हवा निसटायची, ‘प’चा ‘फ’ व्हायचा आणि ‘फ’चं नुसतंच वारं. मी माझ्या ओठांची चित्रं काढत होते. त्यांच्याकडे मी बघत नव्हते. जेवतानाही मी नकळत त्यांच्या उजव्या बाजूला बसायला लागले होते. आपण जागा बदलली आहे, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आजाराची रजा संपली तरी अण्णा कामावर गेले नाहीत. एकदा गेले होते, अर्ध्या दिवसात परत आले. आईने विचारलं तर म्हणाले, “माणसं माझ्याशी मोठ्याने बोलतात. मला काय ऐकू येत नाही का?” नंतर म्हणाले, “आणि बोलताना माझ्या खांद्यामागे बघतात.” मग ते घरातच राहिले. कारखान्यातून दोनदा निरोप आला. आई रोज सकाळी त्यांचा डबा भरायची आणि दुपारी तोच डबा ते घरी बसून खायचे.

इकडे क्लासमध्ये माझे किराणा दुकानातले काका तयार झाले होते. तीन आठवडे खपून मी त्यांच्या कपाळाच्या आठ्या, पापण्या, मिशी सगळं केलं होतं. ते पडद्यावर बोलायला लागले तेव्हा सगळी जमली. कुणी हसलं नाही. एक मुलगी म्हणाली, “मला नाही बघवत याच्याकडे.” मी विचारलं, “काय चुकलंय?” तिला सांगता येईना. “चुकलं काही नाही. पण भीती वाटते.”

तिला जे वाटत होतं ते मला चांगलं ओळखीचं होतं. त्या सकाळी मोरीपाशी मला नेमकं तेच वाटलं होतं, आणि ते माझ्या वडिलांकडे बघून वाटलं होतं. एवढी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

सरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी पिशवीतून द्राक्षांचा घड काढला, एक मणी खिडकीच्या उजेडात धरला. “बघ. उजेड आत जातो, थोडा आतल्या आत फिरतो, मग बाहेर येतो. माणसाची कातडी अशी असते. आपला कॉम्प्युटर उजेड वरच्यावर परत पाठवतो. त्याला बादली जमते, स्टीलचा डबा जमतो. कातडी नाही जमत.” मी विचारलं, “आणि उद्या जमली तर?” त्यांनी मणी तोंडात टाकला. “तरी अवघडच. तान्हं पोरसुद्धा आईचं तोंड वाचतं. चेहऱ्यातली चूक ओळखायला कुणाला क्लास लावावा लागत नाही.”

मग त्यांनी धीर द्यावा म्हणून आधीच्या एका विद्यार्थ्याचं काम लावलं. एक बैल रस्त्याने चालत जातो. आम्हाला सगळ्यांना तो फार आवडला. योगेश मात्र पुढे वाकून बघत होता. “हाऊ बैल आजारी शे,” तो एकदम त्याच्या घरच्या बोलीत म्हणाला. सगळे हसले. तो हसला नाही. “खरंच सर. पाऊल टाकताना मान हालते, पाठ हालतच नाय. आमच्या दावणीला असा चालला तर बाबा लगेच डॉक्टर बोलवतील.” पुन्हा लावून पाहिलं. योगेश म्हणत होता ते खरं होतं, पण एकदा सांगितल्यावरच ते आम्हाला दिसलं. मला त्या दिवसापासून एक वेगळंच कुतूहल लागलं. म्हणजे बैल चांगला झाला होता असं नव्हे. आम्हाला बैल ठाऊक नव्हता म्हणून तो चालून गेला. बैलांसाठी सिनेमा काढला असता तर त्यांनी मान फिरवली असती, आणि त्यात एखादा ओबडधोबड माणूस असता तर तो त्यांना खुशाल आवडला असता.

“मग ज्याची चाल कुणालाच ठाऊक नाही असं काहीतरी घ्या,” सर म्हणाले. ॲनिमेशन शिकणाऱ्यांना अर्धवट भरलेल्या पोत्याचा एक अभ्यास देतात. हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. नुसते चार कोपरे, आणि त्यातून आनंद, राग, थकवा दाखवायचा. योगेशचे डोळे चमकले. “गोणी घेऊ. कांद्याची. गोणी मी वळखतो.”

दोन दिवसांनी तो खरोखरची अर्धी गोणी खांद्यावर घेऊन बसने आमच्या घरी आला. ती हलवून, आपटून, कलती करून बघायची होती. दार अण्णांनी उघडलं. त्या महिन्यात घरी आलेला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे एकदा बघून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा. योगेशने गोणी खाली ठेवली, घाम पुसला आणि त्यांच्या तोंडाकडे सरळ बघत म्हणाला, “काका, हे कशानं झालं?”

अण्णा म्हणाले, “नस सुजली.”

“आमच्या मामालाबी झालं व्हतं. दुखतं का?”

“दुखत नाही. पण खाताना घास गालात अडकतो.”

“मामा बोटानं काढायचा,” योगेश म्हणाला. “पाणी आणता का थोडं?”

मी आतल्या दारात उभी राहून ऐकत होते. घास गालात अडकतो हे मला माहीत नव्हतं. रोज त्यांच्या ताटाशेजारी बसून मला माहीत नव्हतं.

ती संध्याकाळ छान गेली. अण्णांनी गोणी दोन्ही हातांनी उचलली आणि सोडली. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. “आधी खालचा भाग थांबतो,” ते म्हणाले. “मग वरचा भाग त्याच्यावर येऊन बसतो. मग एकदा बारीक हलते. तेव्हा कुठे थांबते. ते शेवटचं हलणं विसरू नका, नाहीतर ती हलकी वाटेल.” योगेशने ते वहीत लिहून घेतलं. कितीतरी दिवसांनी अण्णा कशाची तरी तपासणी करत होते.

आमची गोष्ट साधी होती. मार्केटात गोण्यांची रांग लागली आहे, त्यातल्या एका गोणीचा कोपरा उसवलाय, आणि ती तो कोपरा भिंतीकडे करून उभी आहे. मग हातगाडी येते आणि रांग पुढे सरकायला लागते. गोणीचं वजन योगेशने सांभाळलं. तिचं लाजणं माझ्याकडे होतं, आणि ते काही केल्या येईना. सर म्हणाले, “लाज कुठे दिसते ते बघून ये.”

मला लांब जावं लागलं नाही. सकाळी दूधवाला फाटकाशी आला की अण्णा पातेलं घेऊन जायचे. मी खिडकीतून पाहिलं. ते सरळ जात नसत. दोन पावलं आधीच त्यांचं अंग थोडं वळायचं, उजवी बाजू पुढे यायची, आणि दूधवाल्याने मान वर केली की ते उगाच पायाशी काहीतरी पडल्यासारखं बघायचे. मी ते काढून घेतलं. वळणं किती, थांबणं किती, खाली बघणं किती. दुसऱ्या दिवशी ते गोणीत भरलं, आणि ती उभी राहिल्याबरोबर योगेश माझ्याकडे बघून म्हणाला, “ही लाजती. लय खरं लाजती.” मी आनंदात होते. अण्णांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

फिल्म दाखवायच्या दिवशी चांगलंच ऊन होतं. आई येणारच होती. अण्णा येणार नाही म्हणाले आणि सुरू झाल्यावर आले, मफलर गालापर्यंत गुंडाळून. मागच्या ओळीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. आमची फिल्म लागली. गोणी भिंतीला चिकटून उभी राहिली तेव्हा लोक हसले. हातगाडी जवळ आली, रांग सरकली, तिला वळणं भाग पडलं, आणि उसवलेल्या कोपऱ्यातून एक कांदा निसटून घरंगळत सगळ्यांसमोर गेला. तेव्हा हसणं थांबलं. पुढच्या ओळीतल्या एक बाई हळूच म्हणाल्या, “अगं, किती बिचारी ती.” डोळे नसलेल्या, तोंड नसलेल्या गोणीसाठी अख्खी खोली श्वास रोखून बसली होती.

रात्री जेवताना अण्णा म्हणाले, “वजन बरोबर आलंय.”

मी खूश होऊन हसले.

“ते कोपरा लपवणं,” ते म्हणाले, “ते मी आहे ना?”

आईचा हात भाताच्या पातेल्यावर थांबला. मी म्हणाले, “हो.”

“लोक हसले.”

“नंतर गप्प झाले, अण्णा.”

“झाले. पुढच्या बाईंनी डोळे पुसले, मी पाहिलं. नंतर जिन्यात त्याच बाई भेटल्या. मफलर सुटला होता माझा. त्या माझ्याकडे बघून भिंतीला सरकल्या.” ओठ नीट मिटत नव्हते, त्यामुळे ते शब्द सावकाश जुळवत बोलत होते. “गोणीकडे बघायला जमतं लोकांना. तुलाही जमलं. माझ्याकडे नाही जमत. असं का होतं, ते शिकवतात का तुम्हाला?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. एखादा पार्ट हातात फिरवून, हा मापाबाहेर का गेला असेल, असं बघावं तसं ते विचारत होते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

नंतरच्या वर्षांत मी त्या उत्तराचे बरेच तुकडे जमवले. आता संगणकाला कातडी जमते, उजेड आत शिरतो, पापण्यांचे केस सुटे दिसतात. तरीही माणूस करायला घेतला की पाहणारे आधी चूक शोधतात, आणि खेकडा केला की त्याला आपलं म्हणतात. योगेशच्या बैलाने सांगितलं ते त्यातलं एक कारण. दुसरं मला वाटतं ते असं, की गोणीत स्वतःचं काही नसतं, म्हणून प्रत्येक जण आपलं काहीतरी तिच्यात ठेवतो. ज्याने कधी काही लपवलंय त्याला ती ओळखीची वाटते. आणि तिसरं, जे मला फार उशिरा सुचलं, ते म्हणजे गोणी आपल्याकडे बघत नाही. माणसाचा चेहरा परत बघतो. आपण त्याच्यापुढे कसे उभे आहोत हे त्याला दिसतं. गोणीसमोर कितीही हळवं झालं तरी आपल्याला कुणी पाहत नाही.

अण्णा मार्चमध्ये कामावर रुजू झाले, तोंड तेव्हाही वाकडंच होतं. का गेले, काय ठरवलं, ते कधी बोलले नाहीत. पावसाळ्यापर्यंत पुष्कळ सुधारलं. अजूनही ते दमले की डावा कोपरा किंचित खाली येतो, आणि फोनवर ‘बाप्पा’ म्हणताना मला तो ऐकू येतो. योगेशने ॲनिमेशन सोडलं, तो कळवणला परत गेला. त्याच्याकडे आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे.

पण त्या जेवणानंतरच्या रविवारचं सांगायचं राहिलं. मी सकाळी अण्णांना म्हणाले, “तुमचं चित्र काढायचंय.” त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची खिडकीशी ओढली. सवयीने उजवी बाजू माझ्याकडे केली. मग स्वतःच उठले, खुर्ची फिरवली, आणि डावी बाजू उजेडात घेऊन बसले.

तासभर मी बघत होते. सुरुवातीला माझी नजर सारखी कागदाकडे पळत होती. मग हळूहळू ते वाकडं तोंड वाकडं दिसेनासं झालं. गालाचा उतार कसा आहे, न मिटणाऱ्या डोळ्याच्या कडेला पाणी कसं साठतं, ओठाचा कोपरा कुठून खाली वळतो, एवढंच दिसायला लागलं. मधेच ते म्हणाले, “मान अवघडली.” मी म्हणाले, “पाच मिनिटं.” आईने आतून दोघांसाठी चहा आणला, कप खिडकीत ठेवले आणि परत गेली.

काढून झालं तेव्हा त्यांनी हात पुढे केला. कागद उजेडात धरून बराच वेळ बघितला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता काय म्हणतात म्हणून. तोंडाचा भाग मी फार जिवापाड काढला होता.

“कान चुकलाय,” अण्णा म्हणाले.

मी पाहिलं. कान खरंच चुकला होता, बोटभर वर गेला होता. मी खोडरबर शोधलं, आणि अण्णा पुन्हा जाऊन खुर्चीवर बसले.